रांजणातलं लिंबू

गुरुवारी पंच सुपडूअण्णांना वेळेवर जेवायला मिळालं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मंगलाबाई म्हातारपणीही शपथेवर सांगायची. पण त्या दिवशी कवठाळीच्या पंचांना ओसरीवर बसून दुपार कलली, चुलीवरची डाळ दोनदा आटली, तरी वाटणी काही संपेना.

तापीकडच्या काळ्या जमिनीचे दोन भाग झाले. नाल्याकडच्या मुरमाडीचे झाले. बैल झाले, औतं झाली. घर आणि अंगण सोमवारी मधोमध दोरी धरून मोजायचं ठरलं. उखा मधला, भटू धाकटा. दोघं एका ओसरीवर बसून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. मोठा भाऊ बारा वर्षांपूर्वी तापाने गेला होता. त्याला मूलबाळ नव्हतं, आणि सन छत्तीस साली अशा विधवेला शेतीत भाग मागायची सोय नव्हती. मग दोन चुलींपैकी तिची चूल कोणती, हा प्रश्न उरला. तो उखाने परस्पर सोडवला होता. मोठ्या वहिनीने, कौसाबाईने, खापरला आपल्या भाच्याकडे जावं. सोमवारी वाटणी उरकली की भाच्याची गाडी येणार होती. कौसाबाईला हे कुणी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

कौसाबाई दाराआडून सगळं ऐकत होती. पंचांपुढे बायकांनी तोंड उघडायची रीत नव्हती. पण भटूची बायको मंगला सुपडूअण्णांना मामा म्हणायची, आणि मामापुढे भाचीला थोडं चालतं. कौसाबाई तिच्या कानाला लागली. मंगलाने डोकं बाहेर काढलं.

“मामा, मोठी बाई इचारी ऱ्हायनी, तिना झाडेस्नं काय?”

“कोनता झाडे?”

“आंगनमाधला. डबास्मा लायेल शेतस त्या.”

अंगणात रॉकेलचे डबे होते, कान गेलेलं घंगाळ होतं, सडकेच्या कामावरून आणलेलं डांबराचं अर्धं पिंप होतं, आणि मधोमध कौसाबाईच्या माहेरचा, छातीइतका उंच रांजण होता. प्रत्येकात एक झाड होतं. सुपडूअण्णांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं नाक डाळीकडे होतं.

“ज्यानं मूय जमीनमा, ते झाड जमीननं,” ते म्हणाले. “ज्यानं मूय भांडामा, ते झाड भांडावालीनं. बायासना भांडा पंच वाटतस नही. आनि आयकी ल्या, कौसाबाई सोमवारे जाई ते तिना माहेरनं एकूनएक भांडं तिना संगे जाई, साबूत. बाई गई आनि भांडं मांगे ऱ्हायनं, अशी नाककटाई मी पंच शे तवलोंग व्हवाव नही. चाला, ताटं लावा.”

पंचांनी माना डोलावल्या, उखाने तर दोनदा डोलावली. निवाडा झाला आणि डाळ आली.

वाढता वाढता मंगला मध्येच थबकली. विहिरीजवळ तिने स्वतः लावलेलं कढीलिंबाचं रोप होतं. विहिरीची बाजू उखाच्या वाट्याला जाणार हे गावातली कुत्रीसुद्धा जाणून होती. पण मूळ भांड्यात गेलं तर?

“बाई,” ती आत जाऊन कुजबुजली, “भांडं कोनतं बी चाली का?”

“त्यास्नी कोठे सांगं कोनतं,” कौसाबाई म्हणाली आणि पदराने तोंड पुसू लागली. पदराआड ती हसत होती हे मंगलाला चार दिवसांनी कळलं.

*

पंच पान खाऊन उठले तेव्हा विहिरीजवळ नुसता खड्डा होता.

कौसाबाईने रॉकेलच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने पाच भोकं पाडली. भोकांवर कौलाच्या खापऱ्या पालथ्या ठेवल्या, वर तापीची वाळू, वर शेणखत आणि काळी माती कालवून. “नुसती काळी भरशी ते दगड व्हई जाई,” ती मंगलाला म्हणाली. “मूयले दम घेवाले जागा जोयजे.” कढीलिंब डब्यात बसला, त्याला पाणी मिळालं, आणि नेमकी तेव्हाच उखाची बायको भुरीबाई परसात आली.

होळीला पुरणाच्या चाळणीवरून दोघी जावांचं बिनसलं होतं. तेव्हापासून त्या एकमेकींना ऐकू जाईल अशा बेताने मांजराशी बोलत. भुरीबाईने खड्डा पाहिला, डबा पाहिला. मंगलाने डबा पोटाशी धरला.

“मन्हा वाटाना कढीलिंब!” भुरीबाई मांजर विसरून ओरडली.

“भांडामा शे,” मंगला म्हणाली.

भुरीबाईने विचार केला. तिच्या डोक्यात विचार आला की तो आधी भुवयांवर दिसे, मग गालांवर, आणि मग ती बोले.

“तुमनी बाजूले, गोठाजोडे, ती अंजीर शे ना,” ती हळूच म्हणाली. “ती मी लायेल शे.”

“मंग?”

“मंग एक डबा माले बी दे ना वं!”

शुक्रवारी घरात एक रिकामं भांडं उरलं नाही. दूध कढईत तापलं. भुरीबाईने लोणच्याची बरणी मोकळी करून लोणचं परातीत पसरलं, आणि त्या दिवशी सगळ्या घराने भाकरीबरोबर लोणचं आणि लोणच्याबरोबर भाकरी खाल्ली. दोघी जावा मिळून डांबराचं दुसरं पिंप गडगडत आणत होत्या. ते मध्येच सुटलं, कोंबड्या उडाल्या, पिंप थेट गोठ्यात शिरलं आणि म्हैस दावं तोडून पळाली. म्हैस धरून आणताना दोघी इतक्या हसल्या की चाळणीचं भांडण कुठल्या कुठे गेलं.

आणि सगळे प्रश्न कौसाबाईकडे. ती अंगणात पालथ्या पाटीवर बसली होती, आणि निवाडे देत होती.

“बाई, डायिंब?”

“लाव. त्याले भांडं मानवस.”

“अंजीरले हाई मोठं घंगाय लऊ का?”

“नको वं. अंजीरले जागा दिन्ही का ती नुसता पाला वाढावस. मूय आखडनं का मंग फय धरस. बरनी दे तिले.”

“आन चाफा?”

“फांदी तोड, चार दिन चीक सुकू दे, मंग लाव.”

“सोमवारे वाटनी शे ना बाई!”

“मंग तशीच उभी कर माटीमा. पंचेसले काय समजस?”

“आंबा?”

“आंबानं नाव काढू नको. त्यानं सोटमूय सरळ खाले जास. भांडानं बूड लागनं का त्याले राग येस.”

मंगला मातीचे हात झटकत रांजणाशी उभी राहिली. लिंबाचं खोड मांडीहून जाड होतं आणि रांजणाच्या तोंडात पक्कं बसलं होतं. वर फांद्यांचा पसारा पाच हात. “मंग तुम्ही रांजणमा लिंबूच काबर लायं, बाई?”

“लिंबूना सारखं देनारं झाड नही,” कौसाबाई म्हणाली. “एक फांदीवर फूल, दुसरीवर हिरवं, तिसरीवर पिकेल. हाई झाड रिकामं मी आज लोंग देखं नही.”

मंगलाने ऐकलं आणि बरणीत माती दाबत राहिली. अंगणात कढीलिंबाचा वास सुटला होता. कौसाबाईचा चेहरा उन्हाने आणि बोलण्याने लाल झाला होता. बत्तीस वर्षांत या घराने तिला भाकरी किती टाकू, पाणी कोण आणणार, एवढंच विचारलं होतं. आज सगळे तिला विचारत होते आणि ती सांगेल तसंच करत होते. ती खुशीत होती, आणि ते लपवायचं तिला सुचतही नव्हतं.

“तुम्ही गयात का मंग यास्ले पानी कितलं घालानं ते कोन सांगी?” भुरीबाईने विचारलं. विचार न करता विचारलं, म्हणून ते खरं होतं.

कौसाबाई बरणीची माती चाचपत होती. “भाचाना दारले आंगन नही,” ती म्हणाली. “दार उघडं का सडक. कोठे ठेवसू मी इतला झाडे? माले जावानंच नही वं.”

भुरीबाईने हातातली फांदी खाली ठेवली. मंगलाने नाक ओढलं. मग तिघींनी मिळून उरलेल्या भांड्यांना भोकं पाडायला घेतली.

*

उखा दोन दिवस खळ्यावर होता. शनिवारी घरी आला तो अंगणाच्या तोंडाशी थांबला, कारण पुढे पाय ठेवायला जागा नव्हती. आणि कोपऱ्यात भटू डाळिंब भांड्यात हलवायला कुदळ घेऊन त्यावर चालून जात होता.

“भटू!” उखा ओरडला. “फूलवर शे ते!”

वर्षभरात भावाशी सरळ बोललेला हा त्याचा पहिला शब्द. भटूची कुदळ हवेत राहिली. दोघांचे वडील, सगळे ज्यांना आबा म्हणत, जाताना जमिनीबद्दल काही बोलले नव्हते, झाडांबद्दल बोलले होते. फुलावर किंवा फळावर असलेल्या झाडाच्या मुळाला कुदळ लावायची नाही, खोडाला कुऱ्हाड लावायची नाही, मग ते झाड कुणाचंही असो. एकदा औताला लाकूड हवं असताना आबांनी उखाला बोरं संपेपर्यंत बाभळीच्या वाकड्या फांदीवर भागवायला लावलं होतं, पण बोरीला हात लावू दिला नव्हता. उखाला घरात कुणी फारसं मानत नसे, म्हणून तो आबांना फार मानायचा.

“आबानं वाक्य शे,” तो म्हणाला.

“माले याद शे दादा,” भटू म्हणाला आणि कुदळ खाली ठेवली. ‘दादा’ तोंडून निघून गेल्यावर दोघेही इकडेतिकडे बघायला लागले.

मग उखाने घरच्या बायकांना फैलावर घ्यायला सुरुवात केली. हे काय चालवलंय, पंचांचा निवाडा म्हणजे काय खेळ वाटला, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. बोलता बोलता त्याला दिसलं की भटूच्या वाट्याला जाणाऱ्या कुंपणाशी आबांनी शेवटच्या वर्षी लावलेलं जांभळीचं रोप अजून जमिनीतच आहे. त्याचा आवाज हळूहळू खाली आला.

“वयनी,” तो कौसाबाईजवळ येऊन, दुसरीकडे बघत म्हणाला, “जांभूय जगी का भांडामा?”

“भांडं कोठे शे आते?”

उखाने घरभर शोधलं. उरली होती ती जुनी मोट, विहिरीवरची, चामड्याची.

“मोटमा नका लावू भाऊ,” कौसाबाई म्हणाली. “पानी मुरावाले भोक नही, चामडं कुजी जाई.”

“कुजू दे. सोमवार लोंग टिकनी का झायं.”

तेवढ्यात दारातून मोठ्याने हसू आलं. डोंगरसिंग अक्कलकुव्याकडच्या डोंगरातला, आबांचा जुना दोस्त. दर महिन्याला बाजाराला उतरायचा तेव्हा कौसाबाईला एखादं रोप आणून द्यायचा आणि बदल्यात लिंबं घेऊन जायचा. आज त्याच्या काखेत चारोळीचं रोप होतं, पानात गुंडाळलेलं. मोटेत जांभूळ बसवणाऱ्या उखाकडे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“उखाभाऊ, बठ्ठं जंगल घर आनं का?” तो म्हणाला. “जंगलखातावाला देखी ते बेड्या घाली तुले!”

उखा चिडायच्या बेतात होता. पण मोट मध्येच कलंडली, चिखल त्याच्या धोतरावर आला, आणि भटू फिसकन हसला. उखालाही हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात दडवलं.

*

सोमवारी सुपडूअण्णा पोटभर न्याहरी करून आले. उपाशीपोटी निवाडा द्यायची चूक आपण पुन्हा करायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चूक मागच्या वेळीच होऊन गेली होती हे त्यांना दारात कळलं.

“ओसरी कोठे गई?” त्यांनी विचारलं.

डबे, माठ, बरण्या, घमेली, घंगाळं, पिंपं, एक पाळणा आणि एक मोट यांतून हिरवा पाला वर आला होता. पालथ्या पाटीवर खापरहून आलेला भाचा झिपरू अंग चोरून बसला होता. बाहेर त्याची गाडी उभी होती. सगळं गाव भिंतीपलीकडून डोकावत होतं.

“मामा,” मंगला गोड आवाजात म्हणाली, “या बठ्ठा भांडा शेतस.”

सुपडूअण्णांचा स्वतःचा शब्द होता आणि चार पंचांनी तो ऐकला होता. तो मागे घेतला तर उद्या जमिनीचाही मागे घ्यावा लागला असता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “उचलीसन दखाडा,” ते म्हणाले. “जे उचलाई ते भांडं.”

मंगलाने कढीलिंब डोक्यावर घेतला आणि अंगणात एक चक्कर मारली. भुरीबाईने बरणी कडेवर घेतली. तिच्या चाफ्याची फांदी उचलताना मातीतून सुटून हातात आली. तिने ती लगेच सुपडूअण्णांच्या पागोट्यात खोवली आणि वाकून पाया पडली. गावाने टाळ्या पिटल्या. भटूने पाळणा उचलला, त्यात शेवगा झोके घेत होता. उखाने मोट दोन्ही हातांनी धरली, दम घेतला आणि उचलली. मोटेचं बूड तिथेच राहिलं. माती, पाणी आणि आबांची जांभूळ सुपडूअण्णांच्या नव्या जोड्यांवर आली.

“हाई भांडं नही,” सुपडूअण्णा गंभीरपणे म्हणाले, आणि मग त्यांनाही आवरलं नाही. हसता हसता एक पंच ओसरीच्या कडेवरून खाली बसला.

शेवटी रांजण राहिला.

डोंगरसिंगने पुढे येऊन त्याला मिठी घातली. रांजण हलला नाही. भटू दुसऱ्या बाजूने लागला. नाही. उखाने चिखलाचे हात पुसले आणि तोही लागला. दोघे भाऊ एकाच रांजणाला दोन्हीकडून कवळून, एकमेकांच्या तोंडासमोर तोंड आणून कण्हत होते. झिपरू आला, एक पंच आला. रांजण जिथल्या तिथे. डोंगरसिंगने खाली बसून बुडाशी माती उकरली आणि मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

“मूय खाले गयं शे,” तो म्हणाला. “जमीनमा. मन्हा हातना येवढं.”

सुपडूअण्णांना आता मनातून नको होतं, पण शब्द त्यांचा होता. “मूय जमीनमा,” ते हळू आवाजात म्हणाले. “झाड जमीननं.”

“अण्णा, ते वयनीनं झाड शे,” भटू म्हणाला. कौसाबाई या घरात आली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि पुढे तिच्या खांद्यावर चढून त्याने या झाडाची पहिली लिंबं तोडली होती. “बठ्ठास्ले मियनं, आन तिनं तेवढं जाई?”

दाराआडून कौसाबाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा पंचांसमोर उभी राहिली. आवाज तिला हवा तसा आला.

“अण्णा बरोबर बोलनात,” ती म्हणाली. “झाड जमीननं. पन रांजण?”

“रांजण तुना,” सुपडूअण्णा म्हणाले. “माहेरना शे.”

“साबूत मन्हा संगे जाई ना?”

“साबूतच जाई. मन्हा शब्द शे.”

“मंग द्या ना मन्हा रांजण. मी गाडीमा बठस.”

सुपडूअण्णांनी रांजणाकडे पाहिलं. तोंड अरुंद, त्यात खोड पक्कं. झाड न कापता रांजण निघणार नव्हता, आणि रांजण फोडायचा तर तो साबूत कसला? त्यांनी पागोटं काढून डोकं खाजवलं, तेव्हा चाफ्याची फांदी खाली पडली.

“झाड जमीननं शे ना, मंग तोडी टाकूत,” उखा म्हणाला. मार्ग सापडला की तो वेळ घालवत नसे. कुऱ्हाड घेऊन तो आला, खोडाशी उभा राहिला, वर पाहिलं. लिंबावर पांढरी फुलं होती.

भटू फक्त त्याच्याकडे बघत होता.

उखाने कुऱ्हाड खाली केली. आबांच्या शब्दाबाहेर तो आता, सगळ्या गावासमोर, कसा जाणार? आणि खरं सांगायचं तर, वहिनीला गाडीत बसवायचं ठरवल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. “फूलवर शे,” तो म्हणाला. “आबानं वाक्य शे. फूल, फय बठ्ठं उतरू द्या. मंग तोडूत, रांजण काढूत. तवलोंग वयनी आठेच, या घरमाच ऱ्हाई.”

“तवलोंग आठेच,” सुपडूअण्णांनी सुटकेने री ओढली. “दोन्ही घरे तिले जेवाडतीन. निवाडा व्हयना!”

सगळ्यांत पहिला डोंगरसिंग हसला. आधी पोटातून, मग खांदे हलायला लागले, मग तो रांजणाला टेकून खालीच बसला. मंगलाने त्याच्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. एका फांदीवर फूल, दुसरीवर हिरवं, तिसरीवर पिवळंधम्मक. “माय वं!” ती किंचाळली आणि भुरीबाईच्या गळ्यात पडली. भुरीबाईच्या भुवयांवर विचार आला, गालांवर आला, आणि मग तिने इतक्या जोराने टाळी वाजवली की गाडीचे बैल बुजले.

उखाला सगळ्यात उशिरा कळलं. त्याने फांद्या एकेक करून पाहिल्या. मग वहिनीकडे वळला.

“वयनी, हाई झाड रिकामं कवय व्हस?”

“देखूत ना भाऊ,” कौसाबाई म्हणाली.

या वेळी उखाने हसू खोकल्यात दडवलं नाही. भटूने त्याच्या पाठीवर थाप मारली. चिखलाचा पंजा सदऱ्यावर तसाच उमटला आणि उखाने तो झटकलाही नाही.

दोरी धरली तर ती नेमकी रांजणावरून जात होती. मग दोघी जावांचं नवीन भांडण लागलं, रांजण आपल्याकडे हवा म्हणून. सुपडूअण्णांनी ते लगेच मिटवलं. दोरीवर जी भिंत उठेल तिच्यात रांजणाशी वाट मोकळी सोडायची, दोन्हीकडून माणूस जाईल एवढी. त्यावर कुणाची हरकत नव्हती, कारण दोन्हीकडची झाडं कशी जगवायची ते एकाच बाईला ठाऊक होतं.

झिपरू बिचारा रिकाम्या गाडीशी उभा होता. “मंग मी कवय येऊ, फुई?” त्याने आत्याला विचारलं.

“जवय झाडवर येक बी फूल नही आनि येक बी लिंबू नही, तवय ये.”

झिपरूने बोटांवर हिशेब केला. “म्हनजे दिवायी लोंग?”

अंगणात पुन्हा हसण्याचा गदारोळ उठला. मंगलाने त्याच्या गाडीत आपला कढीलिंबाचा डबा ठेवला, भुरीबाईने परातीतलं लोणचं बांधून दिलं, आणि झिपरू न समजताच खुशीत परत गेला.

मग पंचांची पंगत बसली. मंगला वाढायचं सोडून रांजणाशी आली. कौसाबाई उकरलेली माती परत बुडाशी लोटत होती, हाताने थोपटत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

“बाई,” मंगलाने विचारलं, “याना बूडले भोक कवय पडनं?”

“मन्हा लगीनमा,” कौसाबाई म्हणाली. “खापरथून येता येता गाडीनं चाक खड्डामा गयं. रांजणनं बूड गाडीमाच ऱ्हायनं. बारा वरीसनी व्हती मी. फुटेल रांजण लई उनी असं सासूले समजतं ते माले त्याच गाडीमा परत धाडी देती. म्हनीसन आठे उभा करा, वरलोंग माटी भरी, आनि शिदोरीमाधला लिंबूनी बी खोची दिन्ही.”

मंगलाचा हात तोंडावर गेला. “म्हनजे या घरमा उना तवयपाईन त्याले बूडच नही? बाई, मंग ते भांडं नव्हतंच!”

“हयू बोल वं,” कौसाबाई दबक्या आवाजात म्हणाली. “तुना मामा अजून जेवी ऱ्हायना.”